सतरावा आत, सहावा बाहेर

25 मे 2025, इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा शेवटचा रविवार. ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड विरुद्ध ॲस्टन व्हिला, गोलफलक अजून कोरा. त्र्याहत्तराव्या मिनिटाला व्हिलाच्या मॉर्गन रॉजर्सने गोलरक्षकाकडून चेंडू हिसकावून जाळ्यात मारला, पण चेंडू रेषा ओलांडायच्या आतच पंचांची शिट्टी वाजली होती. शिट्टी वाजली की खेळ थांबला. मग व्हिडिओ पंचांनाही काही करता येत नाही. तीन मिनिटांनी युनायटेडने गोल केला आणि शेवटी व्हिला 0-2 असा हरला.

त्याच वेळी न्यूकॅसल घरच्या मैदानावर एव्हर्टनकडून 0-1 हरत होता. मोसम संपला तेव्हा दोघांचेही 66 गुण होते. गोलफरक मात्र न्यूकॅसलचा 21 आणि व्हिलाचा 7. त्यामुळे न्यूकॅसल पाचवा, व्हिला सहावा. पाचव्याला युरोपातली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, मिळाली, सहाव्याला तिची धाकटी बहीण युरोपा लीग. व्हिलाने एक बरोबरी साधली असती तरी पारडं फिरलं असतं.

इथवर कुणाचीच तक्रार असू नये. पण याच तक्त्यात 38 गुण घेऊन सतराव्या क्रमांकावर, म्हणजे खालच्या श्रेणीत ढकलल्या गेलेल्या तिघांच्या अगदी डोक्यावर, टॉटनहॅम होता. तोही चॅम्पियन्स लीगमध्ये गेला. आणि बारावा आलेला क्रिस्टल पॅलेस हक्काने युरोपा लीगमध्ये गेला, पण तिथून त्याला एक पायरी खाली उतरवण्यात आलं. नव्याने फुटबॉल पाहणारा माणूस इथे टीव्ही बंद करतो.

बंद करू नये. हा गोंधळ वाटतो, पण ती एक चोख गणिती पद्धत आहे. अकरावीच्या प्रवेशाची यादी ज्यांनी घरात कुणासाठी तरी पाहिली आहे, त्यांना ती लवकर कळेल. तिथेही एकाच जागेकडे जायला वेगवेगळे कोटे असतात. एकाच मुलाला दोन कोट्यांतून जागा मिळाली तर तो एकच घेतो आणि उरलेली जागा सरकते. खरी गंमत ती कुठे सरकते, यात आहे.

आधी जागा तयार कशा होतात ते पाहू. युरोपीय फुटबॉल संघटनेचे, म्हणजे यूएफाचे, 55 सदस्य देश आहेत आणि तिच्या तीन स्पर्धा आहेत: चॅम्पियन्स लीग, युरोपा लीग, कॉन्फरन्स लीग. 2024-25 पासून तिन्हींच्या मुख्य फेरीत प्रत्येकी 36 संघ असतात. कुठल्या देशाला किती जागा हे एका गुणांकावर ठरतं. देशाच्या क्लबांनी या स्पर्धांत सामना जिंकला की 2 गुण, बरोबरी केली की 1; पात्रता फेऱ्यांत त्याच्या निम्मे. पुढे गेल्याबद्दल बोनस गुण वेगळे, आणि ते चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वांत जास्त. वर्षाचे सगळे गुण एकत्र करायचे आणि त्या देशाचे जितके क्लब उतरले होते त्या संख्येने भागायचे.

हा भागाकार सगळ्यांत महत्त्वाचा. नुसती बेरीज घेतली असती तर ज्याचे क्लब जास्त त्याचे गुण जास्त, आणि ज्याचे गुण जास्त त्याला क्लब जास्त, असं चाक फिरतच राहिलं असतं. सरासरीमुळे त्याला थोडा लगाम बसतो. एखाद्या देशाच्या सात क्लबांनी मिळून 70 गुण कमावले तर त्याला 10. दुसऱ्याच्या चारच क्लबांनी 44 कमावले तर त्याला 11, आणि तो पुढे. म्हणजे दुबळा सातवा क्लब ही देशासाठी नुसती शोभा नसते, तो छेदात बसलेला असतो. याचाच दुसरा अर्थ असा की खालच्या स्पर्धेतला विजयही मोलाचा. डिसेंबर 2024 मध्ये चेल्सीने बरीच तरुण पोरं घेऊन कझाकस्तानच्या गोठवणाऱ्या थंडीत अस्तानाला 3-1 हरवलं. कॉन्फरन्स लीगचा सामना, पाहिला कुणी फारसा नसेल. पण त्या विजयाचे इंग्लंडच्या खात्यात तेच 2 गुण पडले, जे रेआल माद्रिदला हरवून पडतात.

अशा पाच मोसमांची चालती बेरीज म्हणजे देशाचा गुणांक. नवं वर्ष आत आलं की सर्वांत जुनं बाहेर पडतं. पहिल्या चार देशांना चॅम्पियन्स लीगमध्ये चार-चार जागा, पाचव्याला तीन थेट आणि एक पात्रता फेरीतून. पुढे जागा झपाट्याने कमी होत जातात. तळाच्या देशांच्या विजेत्याला जुलैच्या सुरुवातीलाच पात्रता फेऱ्या खेळायला उतरावं लागतं. लिख्टेनश्टाइनची तर वेगळीच तऱ्हा. तिथे स्वतःची लीगच नाही, क्लब स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये खेळतात, आणि देशाची एकमेव युरोपीय जागा देशांतर्गत कप जिंकणाऱ्याला मिळते. त्या वाटेने फादुत्स हा क्लब 2022 मध्ये कॉन्फरन्स लीगच्या गटसाखळीपर्यंत पोहोचला, तोही स्विस फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत असताना.

हे झालं संथ घड्याळ. संथ अशासाठी की 2025-26 च्या जागा 2023-24 अखेरच्या क्रमवारीवर वाटल्या गेल्या. पण नव्या रचनेत यूएफाने एक वेगवान घड्याळही लावलं: ज्या दोन देशांची सरासरी नुकत्याच संपलेल्या मोसमात सर्वोत्तम, त्यांना चॅम्पियन्स लीगची एकेक जादा जागा. पहिल्या वर्षी ती इटली आणि जर्मनीला मिळाली, दुसऱ्या वर्षी इंग्लंड आणि स्पेनला.

इंग्लंडची पाचवी जागा 8 एप्रिल 2025 च्या रात्री पक्की झाली. डेक्लन राइसने रेआल माद्रिदविरुद्ध दोन फ्री किक थेट जाळ्यात घातल्या आणि आर्सेनल 3-0 असा जिंकला. राइसला ती जागा नकोच होती, आर्सेनल लीगमध्ये दुसरा आला. ती गेली न्यूकॅसलला, जो त्या वर्षी युरोपमध्ये एकही सामना खेळला नव्हता. आणि ज्या सात इंग्लिश क्लबांच्या गुणांतून ती जागा उभी राहिली, त्यांत व्हिला होता. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता. माझ्या मते या पद्धतीतली सर्वांत क्रूर गोष्ट हीच. घर बांधायला हातभार लावायचा आणि किल्ली शेजाऱ्याला मिळायची.

दुसरा कोटा कपांचा. इंग्लंडचा एफए कप जिंकणाऱ्याला युरोपा लीग, लीग कप जिंकणाऱ्याला कॉन्फरन्स लीगची पात्रता फेरी. एफए कप 1871-72 पासून चालू आहे आणि त्यात दरवर्षी सातशेहून जास्त क्लब उतरतात, थेट नवव्या पायरीवरच्या गावठी क्लबांपर्यंत. फक्त मैदान ठराविक दर्जाचं लागतं. ऑगस्टच्या सुरुवातीपासून पात्रता फेऱ्यांची चाळण लागते आणि त्यातून 32 जण उरतात. त्यांना तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतले 48 क्लब येऊन मिळतात. 80 चे 40, 40 चे 20. जानेवारीत वरच्या दोन श्रेणींमधले 44 मातब्बर येतात आणि बरोबर 64 होतात. चौसष्ट म्हणजे दोनाचा सहावा घात, म्हणून इथून पुढे कुणाला बाय, म्हणजे न खेळता पुढची चाल, द्यावा लागत नाही. दीडशे वर्षांच्या जुन्या स्पर्धेतली ही बांधणी मला आजही सुबक वाटते.

कप जिंकणारा आधीच वरच्या स्पर्धेत पोहोचला असेल तर? पूर्वी ती जागा अंतिम फेरीत हरलेल्याला मिळायची. 2014 मध्ये हल सिटी आर्सेनलकडून हरूनही युरोपा लीग खेळला. 2015-16 पासून नियम बदलला आणि जागा लीगच्या तक्त्यात खाली सरकू लागली. न्यूकॅसलने 16 मार्च 2025 ला लिव्हरपूलला 2-1 हरवून लीग कप जिंकला. 70 वर्षांतला त्यांचा पहिला मोठा देशांतर्गत चषक. पण ते पाचवे आल्यामुळे कपाची जागा मोकळी झाली आणि सातव्या नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे आली.

एफए कपाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटी जिंकली असती तर आणखी एक जागा सरकली असती आणि मोसमअखेर आठवा आलेला ब्रायटन कॉन्फरन्स लीगमध्ये गेला असता. 17 मे ला वेम्बलीवर क्रिस्टल पॅलेसच्या एबेरेची एझेने एकुलता एक गोल केला, पॅलेसने आपला पहिला मोठा चषक उचलला आणि ब्रायटनचं दार बंद झालं. ब्रायटन आणि पॅलेस यांचं वैर जुनं आहे. पॅलेसच्या पाठीराख्यांना एका गोलात दोन सुखं मिळाली.

तिसरा कोटा गतविजेत्यांचा. चॅम्पियन्स लीग किंवा युरोपा लीग जिंकणाऱ्याला पुढच्या चॅम्पियन्स लीगमध्ये जागा असते, लीगमधला क्रमांक काहीही असो. 21 मे ला बिलबाओत टॉटनहॅमने युनायटेडला 1-0 हरवलं, आणि सतरावा आत गेला. चार दिवसांनी व्हिलाची वाट अडवणारा संघ हाच युनायटेड, स्वतःची वाट बिलबाओतच बंद करून आलेला.

या कोट्याची जागा रिकामी झाली तर मात्र ती त्या देशात खाली सरकत नाही. 2025 ची चॅम्पियन्स लीग पॅरिस सँ-जर्मांने जिंकली, पण ते फ्रान्सचे विजेते म्हणून आधीच आत होते. मोकळी जागा फ्रान्समध्ये राहिली नाही. पात्रता फेऱ्यांत थांबलेल्या विजेत्या क्लबांपैकी ज्याचा स्वतःचा गुणांक सर्वांत चांगला, त्या ग्रीसच्या ऑलिंपियाकोसला ती मिळाली.

गतविजेत्याची हमी नेहमीच नव्हती. 25 मे 2005 ला लिव्हरपूलने इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली, पण इंग्लंडमध्ये ते पाचवे होते आणि चौथी जागा शहरातल्याच एव्हर्टनकडे होती. जागा चार, दावेदार पाच. शेवटी यूएफाने लिव्हरपूलला पहिल्या पात्रता फेरीपासून खेळायला लावलं. प्रतिस्पर्धी वेल्सचा छोटासा टीएनएस क्लब. युरोपचे विजेते जुलैमध्येच मैदानात उतरले आणि दोन्ही सामने 3-0 जिंकले. 2012 मध्ये याच्या उलट झालं. सहाव्या आलेल्या चेल्सीने चॅम्पियन्स लीग जिंकली आणि चौथा आलेला टॉटनहॅम बाहेर फेकला गेला. तेरा वर्षांनी त्याच टॉटनहॅमला सतराव्या क्रमांकावरून प्रवेश मिळाला.

आता पॅलेसचा किस्सा. एकाच मालकाचा निर्णायक प्रभाव असलेले दोन क्लब यूएफाच्या एकाच स्पर्धेत खेळू शकत नाहीत, हा नियम आहे. पॅलेसमध्ये मोठा वाटा असलेल्या जॉन टेक्स्टर यांच्याच गटाकडे फ्रान्सच्या ल्योंचीही मालकी होती, आणि ल्यों युरोपा लीगमध्ये होता. मालकीची गाठ सोडवायची मुदत होती 1 मार्च. त्या दिवशी पॅलेस काय करत होता? एफए कपाच्या पाचव्या फेरीत मिलवॉलशी खेळत होता, 3-1 जिंकला. कप मिळेल याची खात्री नाही, तर त्यासाठी कागद आवरणार कोण? टेक्स्टर यांनी वाटा विकला तो पुढे जुलैमध्ये. दोघांत वरचढ कोण हे लीगमधल्या क्रमांकावर ठरतं. ल्यों फ्रान्समध्ये सहावा, पॅलेस इंग्लंडमध्ये बारावा. पॅलेस कॉन्फरन्स लीगमध्ये गेला, फॉरेस्ट युरोपा लीगमध्ये चढला. ऑगस्टमध्ये क्रीडा लवादानेही पॅलेसचं अपील फेटाळलं. ज्यांनी गाठ वेळेत सोडवली त्यांचं निभावलं: मँचेस्टर सिटी आणि स्पेनचा जिरोना एकाच मालक-समूहाचे, तरी 2024-25 मध्ये दोघेही चॅम्पियन्स लीग खेळले, कारण समूहाने जिरोनातले आपले समभाग स्पर्धेआधी विश्वस्तांकडे सोपवले होते. 2019 मध्ये मुंबई सिटीत 65 टक्के वाटा घेणारा समूह हाच.

आशियातही यंत्र असंच चालतं, फक्त आपल्या वाट्याच्या जागा थोड्या. 2025 मध्ये एफसी गोवाने भुवनेश्वरला सुपर कप जिंकला. त्याचं बक्षीस थेट प्रवेश नव्हतं, आशियाच्या दुसऱ्या दर्जाच्या चॅम्पियन्स लीगसाठी एक पात्रता सामना होता. 13 ऑगस्टला ओमानच्या अल सीबला 2-1 हरवून गोवा गटात पोहोचला, आणि सोडतीत समोर आला सौदीचा अल नासर, रोनाल्डोचा. ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्याला सामना झाला. अल नासर 2-1 जिंकला, गोव्याचा गोल गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने केला. रोनाल्डो आलाच नाही.