मक्याचे बियाणे आणि न पेटवलेली सिगारेट

खेड्यातली मुले मोकळ्या हवेत, ओळखीच्या माणसांत वाढतात, म्हणून ती व्यसनांपासून शहरातल्या मुलांपेक्षा सुरक्षित असतात, असा एक समज फार खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात तंबाखू आणि दारू कोणत्याही गावाची वेस जुमानत नाहीत. उलट ग्रामीण भागात काही अडचणी अधिकच टोकदार होतात: संध्याकाळी मुलांनी जावे अशी ठिकाणे थोडी असतात, उपचारकेंद्र दूर असते, आणि सगळे सगळ्यांना ओळखत असल्यामुळे मदत मागायला जाणे म्हणजे गावभर बोभाटा होणे. अशा ठिकाणी व्यसन लागल्यानंतरच्या धावपळीपेक्षा ते लागूच नये यासाठी केलेले प्रयत्न मोलाचे ठरतात. प्रश्न एवढाच उरतो, की ते प्रयत्न नेमके कोणते?

बहुतेकांच्या मनात पहिला उपाय येतो तो भीतीचा किंवा उपदेशाचा. वर्गात पाहुणे बोलवावेत, काळवंडलेल्या फुप्फुसांची चित्रे दाखवावीत आणि शेवटी सामूहिक शपथ घ्यावी. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झालेला ‘डेअर’ हा कार्यक्रम, ज्यात गणवेशातील पोलीस अधिकारी वर्गात येऊन धडे देत असत, देशभरातील शाळांमध्ये पोहोचला. परंतु त्याच्या मूळ स्वरूपाची पुन्हा पुन्हा तपासणी झाली तेव्हा मुलांच्या व्यसनांवर त्याचा टिकाऊ परिणाम जवळजवळ दिसला नाही. मुलांना धोका माहीत नसतो म्हणून ती सिगारेट पेटवतात, हे गृहीतकच अपुरे होते. (न सांगता जेवणात मिसळून व्यसन सोडवणारी चूर्णे आणि मंतरलेले दोरे यांच्यामागे तर एवढे गृहीतकही नसते, तिथे केवळ घाबरलेल्या आईवडिलांचे पैसे असतात.)

मुलांच्या वागणुकीत बदल कसा पसरतो, हे समजून घेण्यासाठी मला थोडे मागे, अमेरिकेतील आयोवा राज्याच्या शेतांत जावेसे वाटते. तिथे १९२८ च्या सुमारास संकरित मक्याचे बियाणे बाजारात आले. उत्पन्न वाढणार हे दिसत होते, पण बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागणार होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या घरचेच बी राखणाऱ्या शेतकऱ्याला ते पटणे सोपे नव्हते. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन ग्रामीण समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांची विचारपूस करून १९४३ मध्ये निष्कर्ष मांडले. नव्या बियाण्याची माहिती जवळजवळ निम्म्या शेतकऱ्यांना प्रथम विक्रेत्याकडून मिळाली होती; ते पेरण्याच्या निर्णयावर मात्र सर्वाधिक प्रभाव शेजाऱ्यांचा होता. माहिती एका वाटेने आली आणि खात्री दुसऱ्याच वाटेने.

जवळजवळ साठ वर्षांनी त्याच राज्यात, रायन आणि ग्रॉस यांच्याच आयोवा स्टेट विद्यापीठातील रिचर्ड स्पॉथ आणि पेनसिल्व्हेनियातील त्यांचे सहकारी यांनी ‘प्रॉस्पर’ नावाचा प्रयोग सुरू केला. दोन्ही राज्यांतील २८ ग्रामीण आणि लहान शहरी वस्त्या निवडण्यात आल्या आणि कोणत्या १४ वस्त्यांत काम करायचे व कोणत्या १४ तुलनेसाठी ठेवायच्या, हे एक प्रकारे चिठ्ठ्या टाकून ठरवण्यात आले. प्रत्येक गावात विद्यापीठाच्या विस्तारसेवेचा एक कार्यकर्ता, शाळेचा एक प्रतिनिधी, आरोग्य आणि समाजसेवेतील माणसे, पालक आणि काही विद्यार्थी यांचे छोटे पथक उभे राहिले. शेतकऱ्याला पिकांचा सल्ला देण्यासाठी १९१४ च्या कायद्याने उभी राहिलेली विस्तारसेवेची यंत्रणाच आता मुलांसाठी वापरली गेली, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

पथकाने सहावीतल्या मुलांच्या कुटुंबांसाठी सात संध्याकाळींचा एक कार्यक्रम घेतला. प्रत्येक वेळी पहिला तास पालक एका खोलीत आणि मुले दुसऱ्या खोलीत बसत, तर दुसरा तास सगळे एकत्र. पालक नियम प्रेमाने पण ठामपणे कसे लावावेत ते शिकत. मुले मित्रांच्या आग्रहाला नकार कसा द्यावा आणि मनावरचा ताण कसा हाताळावा ते शिकत. पण अशा कार्यक्रमांची नेहमीची व्यथा इथेही होती: पात्र कुटुंबांपैकी जेमतेम सहाव्या हिश्शाएवढीच आली. मग उरलेल्या मुलांचे काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी संशोधकांनी सहावीपासून नववीपर्यंत पाच वेळा प्रत्येक मुलाला आपल्या जवळच्या मित्रांची नावे विचारली. जास्तीत जास्त सात. त्यातून प्रत्येक शाळेचे मित्रजाळे रेखाटता आले. नंतर कार्यक्रमाला न आलेली ५४४९ मुले वेगळी काढून, त्यांच्या मित्रांपैकी किती जण आले होते ते मोजले. तीन वर्षांनंतर, ज्यांचा एकही मित्र कार्यक्रमाला गेला नव्हता अशा मुलांमध्ये, तीन किंवा अधिक मित्र गेलेल्या मुलांच्या तुलनेत, गेल्या महिन्यात सिगारेट ओढल्याचे शक्यता-गुणोत्तर २.७ पट आणि दारूने झिंगल्याचे १.४ पट आढळले. शक्यता-गुणोत्तर म्हणजे टक्केवारी नव्हे. समजा, एका गटात १०० पैकी १० मुले सिगारेट ओढतात; म्हणजे ओढणारी आणि न ओढणारी यांचे प्रमाण १:९ आहे. ते २.७ पट झाले तर २.७:९ होते, म्हणजेच १०० पैकी सुमारे २३ मुले, २७ नव्हेत. हा फरक ध्यानात न घेता अनेक बातम्या आकडे फुगवतात.

परिणाम मित्रापर्यंत पोहोचला तो कसा? विश्लेषणात दोन दुवे ठळक दिसले. पहिला दुवा रिकाम्या वेळेचा. गुन्हेशास्त्रज्ञ वेन ऑसगुड यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार बेशिस्त वर्तनाला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: सोबत मित्र असणे, जवळपास कोणी जबाबदार मोठे माणूस नसणे, आणि करण्यासारखे ठरलेले काही नसणे. कार्यक्रमाला आलेल्या पालकांनी आपल्या मुलाच्या संध्याकाळींकडे लक्ष द्यायला सुरुवात केली, की त्याच्या मित्राच्याही मोकाट संध्याकाळी आपोआप कमी होतात, कारण टोळके जमायला दुसराही लागतो. दुसरा दुवा मतांचा: मित्राचे सिगारेटविषयीचे मत बदलले, की हळूहळू आपलेही बदलते. आयोवातल्या शेतकऱ्याने शेजारच्या बांधावरून कणसे पाहावीत, तसेच हे आहे. फरक इतकाच, की इथे शेजाऱ्याकडे दिसते ते न घडलेले कृत्य.

इथे सावधगिरीही हवी. वस्त्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या गेल्या होत्या, मित्र नव्हे. मुले आपल्यासारखेच मित्र निवडतात, त्यामुळे निवडीचा परिणाम आणि सहवासाचा परिणाम पूर्णपणे वेगळे करणे कठीण असते. संशोधकांनी एकाच मुलाची माहिती वर्षानुवर्षे जोडून ही गुंतागुंत बरीच सोडवली, तरी हा पुरावा वस्त्यांमधल्या मूळ तुलनेइतका भक्कम मानता येणार नाही.

अशाच धर्तीचा दुसरा मोठा प्रयोग वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड हॉकिन्स आणि रिचर्ड कॅटलानो यांचा. त्यांनी ७ राज्यांतील २४ लहान शहरांत २००३ पासून समाजाधारित प्रतिबंधाची परीक्षा घेतली. आठवीपर्यंत दारू आणि तंबाखू सुरू करणाऱ्यांचे प्रमाण तुलनेतील शहरांपेक्षा कमी राहिले. बारावीतही कधीच सुरुवात न केलेली मुले तिथे अधिक होती. मात्र नुकत्याच सरलेल्या महिन्यातल्या सेवनात फरक उरला नव्हता. म्हणजे अशा कामाने सुरुवात लांबते, काहींच्या बाबतीत टळते; ज्यांनी एकदा सुरू केले आहे त्यांच्यासाठी वेगळी मदत लागते.

मित्रजाळ्याच्या नकाशात काही ठिपके मात्र एकटेच राहतात. ज्यांचे नाव कोणीच लिहिलेले नसते, ज्यांनी स्वतःही कोणाचे लिहिलेले नसते, अशा मुलांपर्यंत मित्रांमार्फत काहीच पोहोचत नाही, मग शेजारच्या घरी सातही संध्याकाळी दिवा लागलेला असला तरी. प्रॉस्परमध्ये दुसरा कार्यक्रम सातवीच्या वर्गातच घेतला जात असे. तिथे हजेरीपटावर या मुलांचेही नाव असते.