मूकबधिर-अंध शाळा (बडोदे)

बहिरी मुलं आणि अंध मुलं, दोघांना एकाच छपराखाली शिकवणारी शाळा म्हणजे मूकबधिर-अंध शाळा. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत हिला सरळ 'मुक्या-बहिऱ्यांची शाळा' म्हणायचे, आंधळी मुलं त्यात असली तरी नावात नसायची. म्हैसूरला १९०१ मध्ये एम. श्रीनिवास राव यांनी अशी जोडशाळा काढली. त्याआधी मुंबईत १८८५ पासून बहिऱ्या मुलांसाठी आणि अमृतसरला १८८७ पासून अंधांसाठी वेगवेगळी कामं सुरू झालेली होती. आपल्याकडे सयाजीराव महाराजांनी १८९३ ला अमरेलीत सक्तीचं शिक्षण करून पाहिलं, १९०६ ला ते सगळ्या संस्थानात लागू केलं, आणि एकदा 'सगळी मुलं' म्हटलं की ही मुलंही त्यात आलीच. मेहसाण्याला संस्थानाची मूकबधिर शाळाही निघाली.

दोघांना एकत्र का ठेवलं याला शिकवण्यातलं काही कारण नाही, एक इमारत, एक वसतिगृह, एक स्वयंपाकी, खर्च वाचतो एवढंच. खरंतर दोघांचं शिकणं एकदम उलटं, एकाला सगळं डोळ्यांनी तर दुसऱ्याला कानाने आणि बोटांनी, त्यामुळे फळ्यावर लिहिणाऱ्या मास्तरचा अर्ध्या मुलांना उपयोग शून्य, आणि तोंडी गोष्ट सांगणाऱ्याचा उरलेल्या अर्ध्यांना. एकत्र चालायचं ते हातकाम.

बहिऱ्या मुलांचे हाल जास्त झाले असं मला वाटतं. बहिऱ्यांच्या शिक्षणावर इटलीत मिलानला १८८० मध्ये परिषद भरली, तिच्यात ठरलं की खुणा बंद, ओठ वाचून बोलायलाच शिकवायचं, आणि ते लोण इथवर आलं. मुलाचा हात बाईंच्या गळ्यावर ठेवायचा, थरथर जाणवली की 'ब', नाही जाणवली तर 'प'. तोंडासमोर कागदाची पट्टी धरली की 'फ' ला ती 'प' पेक्षा जास्त हलते. पण ओठांकडे नुसतं बघून पान, बाण आणि मान यातला फरक कळतच नाही, आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा. त्यात बडोद्याची वेगळीच गंमत, म्हणजे गंमत कसली, घरात आई मराठीत 'ये' म्हणणार आणि शाळेत बाई गुजरातीत 'आव', आणि ऐकू न येणाऱ्या पोराने दोन्ही ओठांवरून ओळखायचं.

अंध मुलांचं नेमकं उलटं झालं. लुई ब्रेलची सहा ठिपक्यांची लिपी १८२९ ची, पण भारतात तिचे बरेच वेगवेगळे कोड झाले, गुजरात-मुंबईकडे नीळकंठराय ब्रेल होतं, एका शाळेचं पुस्तक दुसरीत चालेलच असं नाही. १९५१ ला भारती ब्रेल आलं आणि सगळ्या भारतीय भाषांत एका अक्षराला एकच खूण झाली, मराठीतला 'क' आणि गुजरातीतला 'क' तेच दोन ठिपके. डोळस मराठी पोराला इथे देवनागरी शिकून परत बिनारेघेची गुजराती अक्षरं शिकावी लागतात, अंध पोराला लागत नाहीत. लिहायची तऱ्हा मात्र बघण्यासारखी: पाटीत जाड कागद अडकवायचा, टोच्याने उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, मग कागद उलटा करून डावीकडून उजवीकडे वाचायचं, म्हणजे प्रत्येक अक्षर लिहिताना आरशातलं. गणिताला टेलर फ्रेम, आठ कोनांची भोकं, त्यात धातूचा ठोकळा कुठल्या कोनात बसवला त्यावरून आकडा ठरतो. हातकामात अंधांना वेताच्या खुर्च्या विणायला, बहिऱ्यांना शिवणकाम नाहीतर छापखान्यातली जुळणी. मशीनच्या खडखडाटात बहिऱ्याला त्रास नाही, हा तेव्हाचा हिशोब.

पुढे जोडशाळांना उतरती कळा लागली. १९७४ च्या केंद्राच्या योजनेने अपंग मुलांना साध्या शाळेत घ्यायचं धोरण आणलं, १९९५ आणि २०१६ च्या कायद्यांनी ते पक्कं केलं, ज्या स्पेशल शाळा राहिल्या त्यातल्या बऱ्याच एकेका गटापुरत्या. खुणांची भाषा मात्र मागच्या दाराने नाही तर पुढच्या दाराने परत आली, २०१५ ला दिल्लीत तिची सरकारी संस्था निघाली आणि २०२० ला शाळेची पुस्तकं त्या भाषेत आणायचा करार झाला. ती मराठी पण नाही, गुजराती पण नाही, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी पोराचा आणि शेजारच्या गुजराती पोराचा हात 'ये' म्हणायला सारखाच हलतो. आईला तेवढी ती शिकून घ्यावी लागते.