तळघरातला दवाखाना

आपली भाषा, घरची रीत आणि वंशभेदाचा अनुभव समजणारा थेरपिस्ट हवा, ही अमेरिकेतल्या गौरेतर लोकांची मागणी अनेकांना अलीकडची टूम वाटते. तिच्यामागे पावणेदोनशे वर्षांचा अविश्वास आहे, आणि तो डॉक्टरांनीच ओढवून घेतलेला आहे.

१८४० च्या अमेरिकी जनगणनेत असं दिसलं, की दक्षिणेतल्या गुलामांपेक्षा उत्तरेतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. एडवर्ड जार्विस या डॉक्टरने आकडे तपासले, तेव्हा जिथे एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता अशा गावांतही कृष्णवर्णीय वेडे नोंदवलेले सापडले. तरीही परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यांनी १८४४ मध्ये गुलामगिरीच्या समर्थनासाठी तेच आकडे पुढे केले. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या दक्षिणेतल्या डॉक्टरने तर गुलामाच्या पळून जाण्यालाच आजार ठरवलं, त्याला ‘ड्रेपेटोमेनिया’ असं भारदस्त नाव दिलं आणि उपायांत चाबूकही सांगितला. माणसाची सुटकेची धडपडच रोग ठरली, तर त्याने डॉक्टरपुढे मन मोकळं कसं करायचं? पुढे १९११ मध्ये मेरीलँडमधल्या क्राउन्सव्हिल इथे कृष्णवर्णीय मनोरुग्णांसाठी वेगळं रुग्णालय निघालं. ते बांधायला रुग्णांनाच राबवलं गेलं.

या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतली एक जागा. १९४६ मध्ये तिथल्या सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू झालं. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम आणि त्यांचे गोरे-काळे सहकारी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तिथे विनावेतन बसत. फी पंचवीस सेंट, आणि तेवढेही नसतील तर काहीच नाही. लेखक रिचर्ड राइट या क्लिनिकच्या पाठीशी उभे राहिले. घराचं भाडं, नोकरीवरचा अपमान, शाळेतला भेदभाव हे सगळं इथे रुग्णाच्या दुखण्याचाच भाग मानलं जाई. डेलावेअरच्या शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धचा खटला उभा राहिला, तेव्हा मुलांना याच तळघरात आणून तपासलं गेलं. वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनाला इजा होते, अशी साक्ष वर्थम यांनी कोर्टात दिली. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालात पुढे हाच खटला सामील झाला. १९५८ मध्ये क्लिनिक बंद पडलं.

१९६८ मध्ये कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःची संघटना काढली. त्याच वर्षी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी कृष्णवर्णीयांच्या चळवळीतल्या संतापाला ‘निषेधाचा मनोविकार’ म्हटलं. कार्टराइट यांना जाऊन शतक उलटलं होतं, पण विचाराची चाल तीच होती.

मग आकडे बोलू लागले. १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅनली सू यांनी सिएटल भागातल्या उपचार केंद्रांच्या नोंदी तपासल्या. कृष्णवर्णीय, आशियाई आणि मूलनिवासी रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण पहिल्या भेटीनंतर परतलेच नव्हते. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. लंडनमध्ये १९८३ मध्ये जाफर करीम यांनी ‘नफसियात’ हे मानसोपचार केंद्र उघडलं, तेही अशाच दुरावलेल्या लोकांसाठी. अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख सरकारी डॉक्टर, डेव्हिड सॅचर यांच्या २००१ च्या अहवालाने संस्कृती आणि वंश या गोष्टी मानसिक आरोग्याच्या सरकारी चर्चेत ठळकपणे आणल्या.

मानसिक आजारांच्या २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकी निदानग्रंथात सोळा प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत आली. तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, घरचे काय म्हणतात, हे ती रुग्णालाच विचारते. तिच्या चाचण्या अनेक देशांत झाल्या, त्यांत आपलं पुणेही होतं. ‘जीव घाबरतो’, ‘डोक्याला ताप झालाय’ असं सांगणाऱ्या माणसाला हे प्रश्न किती जवळचे वाटतील, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

१८४४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने, म्हणजे तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, आपल्या वंशवादी इतिहासाबद्दल जाहीर माफी मागितली ती जानेवारी २०२१ मध्ये. हार्लेमचं ते तळघर बंद होऊन तेव्हा साठहून अधिक वर्षं झाली होती.