आयत्या बिळावर इंडिगो

'आयत्या बिळावर नागोबा' आपण माणसांनाच म्हणतो, पण अमेरिकेत फ्लोरिडा-जॉर्जियाकडे एक साप खरंच तसा जगतो. ईस्टर्न इंडिगो. निळसर काळा, उन्हात आला की जांभळट चमकतो, हनुवटी बऱ्याचदा तांबूस. मोठा नर अडीच मीटरच्या वर जातो, तिथला सगळ्यात लांब देशी साप हाच, आणि विष अजिबात नाही.

बीळ असतं गोफर कासवाचं. ते फावड्यासारख्या पुढच्या पायांनी वाळू उकरत साधारण साडेचार मीटर लांब आणि दोन मीटर खोल बोगदा पाडतं, तोंड कसं तर खाली सपाट नि वर कमान, म्हणजे कासवाच्याच आकाराचं, बाहेर वाळूचा ढिगारा. आत थंडी-ऊन दोन्ही बेताचं, वर वणवा पेटला तरी खाली धग पोचत नाही, म्हणून साडेतीनशेच्या वर जातींचे प्राणी या बिळांचा फायदा घेतात. जॉर्जियातला हिवाळा इंडिगो इथंच काढतो, ऊन पडलं की तोंडाशी येऊन पसरतो. आणि एवढं करून कधीकधी कासवाचीच पिल्लं गिळतो, काय म्हणायचं याला!

खायला बेडूक, उंदीर, दुसरे साप काहीही चालतं, रॅटलस्नेकसुद्धा, त्याचं विष याला फारसं बाधत नाही. अजगरासारखं आवळणं नाही (आपली धामणही नाही आवळत), सरळ डोकं जबड्यात धरायचं, चावून चावून गप्प करायचं आणि गिळायचं, बऱ्याचदा जिवंतच.

एवढा दांडगा पण स्वभाव गरीब, सहसा चावत नाही, तेच नडलं. पाळायला म्हणून लोकांनी भरपूर पकडले. रॅटलस्नेक बाहेर काढायला बिळात पेट्रोल ओतायचे, त्यात हेही मेले. त्यात लाँगलीफ पाइनची जंगलं, एकेकाळी साडेतीन कोटी हेक्टरच्या वर होती, तोडून तोडून काही टक्के उरली, कासवं घटली, म्हणजे बिळंही घटली. साप वाचवायचा तर आधी कासव वाचवा, असं ते त्रांगडं आहे. 1978 मध्ये इंडिगोला कायद्याचं संरक्षण मिळालं.

अलाबामातून तर तो 1950 च्या दशकातच दिसेनासा झाला होता. तिथल्या कोनेकाह जंगलात 2010 पासून पिंजऱ्यात वाढवलेले इंडिगो सोडायला लागले, आणि 2020 मध्ये एक छोटा इंडिगो सापडला, सोडलेला नव्हे, त्याच जंगलात अंड्यातून निघालेला.