कवकविषाणू

कवकविषाणू म्हणजे बुरशीला जडणारे विषाणू. बुरशी झाडाला रोग लावते एवढे आपल्याला ठाऊक असते. पण ती बुरशीही आजारी पडते. पुण्यात विषाणू म्हटले की राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आठवते आणि बुरशी म्हटले की आघारकर संशोधन संस्थेतला राष्ट्रीय कवकसंग्रह. या नोंदीचा विषय त्या दोन्हींच्या मधल्या वाटेवरचा आहे, आणि त्या वाटेवर झाडही उभे आहे.

बहुतेक कवकविषाणूंचा जनुकसंच आरएनएचा, पुष्कळदा दुपदरी असतो. काहींना प्रथिनाचे कवचसुद्धा नसते, कारण पेशीबाहेर पडण्याची वेळच त्यांच्यावर सहसा येत नाही. ते बीजाणूंतून पुढच्या पिढीत जातात, नाहीतर बुरशीच्या तंतूंच्या मीलनातून. हे मीलन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखे असते. शेजारच्या दोन वसाहतींचे तंतू एकमेकांकडे वळतात, टोके टेकतात, मधली भिंत विरघळते आणि एकाचा जीवरस दुसऱ्यात वाहू लागतो. त्याच्याबरोबर विषाणूही जातो. मात्र दोन वाण एकमेकांशी जुळणारे नसतील, तर जुळलेल्या पेशी तिथेच मरतात आणि विषाणूची वाट बंद होते.

हे विषाणू प्रथम लक्षात आले ते अळिंबीमुळे, आणि अळिंबी हीसुद्धा बुरशीच. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात १९४८ मध्ये ला फ्रान्स नावाच्या कुटुंबाच्या शेडमध्ये बटन अळिंबीचे पीक बिघडले. दांडे लांबट, टोप्या लहान, रंग तपकिरी, आणि टोपी वेळेआधीच उघडलेली. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ हॉलिंग्ज यांनी अशा अळिंबीतून विषाणूचे कण दाखवले. बीजाणूंतून रोग पसरत असल्यामुळे टोपी उघडण्यापूर्वी तोडणी करणे आणि पीक संपल्यावर शेड वाफेने तापवून जुने कवकजाल मारणे हे उपाय ठरले. पुणे परिसरात बटन किंवा धिंगरी अळिंबी घेणाऱ्यांनीही शेड स्वच्छ ठेवण्याचे हे कारण समजून घ्यावे.

अळिंबीचे नुकसान करणारे कवकविषाणू असतात, तसा झाडाचा रक्षक ठरणाराही असतो. चेस्टनट या झाडाच्या सालीत शिरणारी एक बुरशी १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात दिसली आणि पन्नासेक वर्षांत तिने अमेरिकेतली तीनशे ते चारशे कोटी झाडे संपवली. युरोपात, इटलीमध्ये, ती १९३८ मध्ये आढळली. तिथेही तसेच होणार असे वाटत असताना १९५०च्या सुमारास शास्त्रज्ञ बिरागी यांना काही झाडांच्या खोडावरील जखमा आपोआप भरून येताना दिसल्या. त्या जखमांतली बुरशी प्रयोगशाळेतल्या थाळीत वाढवली की नेहमीच्या नारिंगीऐवजी पांढरी येई. तिच्यात विषाणू होता. त्यामुळे ती सालीच्या वरच्या थरातच अडून राही आणि झाड तेवढ्यात खालून नवी साल धरी. फ्रान्समध्ये अशी दुबळी बुरशी मुद्दाम जखमांच्या कडेला लावून बागा वाचवण्यात आल्या. अमेरिकेत मात्र हा उपाय फारसा साधला नाही. तिथे एकमेकांशी न जुळणारे वाण फार असल्याने विषाणू पसरेना. मला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते: औषध हाती होते, पण बुरशीच्या भाऊबंदकीत ते अडकले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्याच यलोस्टोनच्या गरम झऱ्यांजवळचे. वरईच्या कुळीतले एक गवत तिथल्या तापलेल्या जमिनीत तग धरते. त्याच्या आत कर्व्ह्युलॅरिया वंशाची बुरशी राहते. खरीप ज्वारीचे दाणे पावसात काळे पडतात त्यात याच वंशातली एक जात असते. २००७ मध्ये असे दिसले की गवत आणि बुरशी दोघे मिळूनही पुरत नाहीत, बुरशीत विशिष्ट विषाणू लागतोच. विषाणू काढून टाकला की माती ६५° से.पर्यंत तापताच गवत कोमेजले. परत घातल्यावर पुन्हा टिकले. टोमॅटोच्या रोपांतही ही त्रिकूट-जोडणी उष्णता सोसण्यास उपयोगी पडली. नारायणगावच्या बाजारात उन्हाळी टोमॅटो नेणाऱ्या शेतकऱ्याला यातले मर्म सांगावे लागणार नाही. अर्थात प्रयोगशाळेतून शेतात येईपर्यंतचे अंतर मोठे आहे.

मोहरीवर्गीय पिकांवर पांढरी कुज आणणाऱ्या स्क्लेरोटिनिया बुरशीत चीनमध्ये २०१० साली एकपदरी वर्तुळाकार डीएनएचा विषाणू सापडला. त्याचे कण बाहेरूनही बुरशीला लागतात, म्हणून पानावर फवारता येतात. विषाणू लागलेली ही बुरशी पुढे मोहरीवर्गीय पिकाच्या आत निरुपद्रवी होऊन राहताना आढळली. सगळेच विषाणू असे उपकारक नसतात. बहुतेकांची काहीच लक्षणे दिसत नाहीत आणि काही तर बुरशीला अधिक आक्रमक करतात.

झाड आणि बुरशी यांच्यातही विषाणूंची देवघेव चालते. टोमॅटो आणि केळीच्या बागायतदारांना परिचित असलेला सीएमव्ही, म्हणजे काकडीचा मोझॅक विषाणू, २०१७ मध्ये चीनमधल्या बटाट्यावरील रायझोक्टोनिया बुरशीत मिळाला. प्रयोगात बुरशीने तो झाडाकडून घेतला आणि झाडाला दिलाही.