लंबवर्तुळाचा आलेख

लंबवर्तुळाचा आलेख : लंबवर्तुळ या शांकवाच्या (शंकू सपाट छेदल्यावर मिळणाऱ्या वक्राच्या) समीकरणावरून त्याचे केंद्र, अक्ष आणि नाभी (ज्यांच्यापासूनच्या अंतरांची बेरीज वक्रावर सर्वत्र सारखीच असते, असे आतले दोन बिंदू) शोधून वक्र काढण्याची रीत. सातारा-सांगलीकडे हा विषय अकरावी शास्त्र शाखेत येतो. दहावीपर्यंत गणित मराठीतून शिकलेल्या मुलांना तो इंग्रजीतून शिकावा लागतो, त्यामुळे वर्गात दीर्घ अक्षाला ‘मेजर ॲक्सिस’, नाभीला ‘फोकस’ हेच शब्द चालतात. वाईहून संपादित झालेल्या मराठी विश्वकोशात लंबवर्तुळासाठी ‘विवृत्त’ ही संज्ञाही भेटते.

केंद्र आरंभबिंदूवर असेल तर समीकरण क्ष²/अ² + य²/ब² = १ असे असते. ज्या चलाखालचा छेद मोठा, त्या चलाच्या दिशेने दीर्घ अक्ष. मोठी संख्या यखाली असली तरी पुष्कळ मुले सवयीने आडवेच लंबवर्तुळ काढतात, म्हणून पेन्सिल टेकवण्याआधी दोन्ही छेद ताडून पाहावेत.

परीक्षेत समीकरण बहुधा मोकळे करून दिलेले असते. उदाहरणार्थ, ४क्ष² + ९य² − १६क्ष + ५४य + ६१ = ०. क्षची पदे एकत्र, यची पदे एकत्र घेऊन पूर्ण वर्ग केले की ४(क्ष − २)² + ९(य + ३)² = ३६, आणि ३६ ने भागल्यावर (क्ष − २)²/९ + (य + ३)²/४ = १ मिळते. केंद्र (२, −३). छेदांची वर्गमुळे ३ आणि २, म्हणून केंद्रापासून डावी-उजवीकडे ३ आणि वर-खाली २ एकक मोजायचे. शेवटच्या ६१ ला कमी लेखू नये. तिथे ९७ असते तर उजवीकडे ० उरून आलेख एकच बिंदू झाला असता, त्याहून मोठी संख्या असती तर आलेखच नसता.

आता ६ × ४ चा आयत हलक्या रेषेने काढावा. लंबवर्तुळ या आयताच्या चारही बाजूंना फक्त मध्यबिंदूंवर स्पर्श करते. वक्राची टोके बदामासारखी निमुळती करण्याची चूक फार होते. शिरोबिंदूवर, म्हणजे दीर्घ अक्षाच्या टोकाशी, स्पर्शिका उभी असते, तेव्हा तिथे टोक येऊच शकत नाही. टोक किती गोल हवे याचेही माप आहे: तिथली वक्रतात्रिज्या (वक्राला तिथे चपखल बसणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या) ब²/अ, म्हणजे इथे ४/३; अ हा अर्ध-दीर्घ अक्ष, ब हा अर्ध-लघु. नाभीवर अक्षाला लंब काढला तर वक्र नेमक्या याच अंतरावर, १.३३ एककांवर, सापडतो. नाभी केंद्रापासून √(९ − ४), म्हणजे सुमारे २.२४ अंतरावर. म्हणून (४.२४, −१.६७) आणि (४.२४, −४.३३), तसेच डाव्या नाभीजवळचे असेच दोन बिंदू धरले की एकूण आठ बिंदू होतात. क्षच्या किमती घालून लांबलचक कोष्टक भरण्यापेक्षा ही रीत कितीतरी सरस आहे, कारण तिच्यात आकार हाताला कळतो.

हीच मापे जमिनीवरही चालतात. साताऱ्यातल्या एखाद्या अंगणात ६ फूट लांब, ४ फूट रुंद लंबगोल वाफा आखायचा असेल तर मध्यापासून दोन्हीकडे सुमारे २७ इंचांवर खुंट्या ठोकाव्यात आणि ६ फूट दोरीची टोके त्यांना बांधून, दोरी ताणून धरत काठीने रेघ ओढावी. वक्रावरच्या कोणत्याही बिंदूपासून दोन्ही नाभींपर्यंतच्या अंतरांची बेरीज दीर्घ अक्षाइतकीच असते.

समीकरणात क्ष·य (क्ष गुणिले य) असे पद असले तर अक्ष तिरपे असतात. मग आधी अक्ष फिरवून ते पद घालवावे लागते.

नाभीचे केंद्रापासूनचे अंतर भागिले अर्ध-दीर्घ अक्ष, ही विकेंद्रता. वरच्या उदाहरणात ती ०.७५ च्या आसपास आहे. केप्लरने १६०९ मध्ये मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे मांडले, तिची विकेंद्रता मात्र सुमारे ०.०९३. ही कक्षा २० सेंटिमीटर दीर्घ अक्ष घेऊन आलेख-कागदावर काढली तर लघु अक्ष १ मिलिमीटरनेही कमी भरत नाही, डोळ्यांना ते वर्तुळच वाटते. नाभीवर असलेला सूर्य मात्र केंद्रापासून ९ मिलिमीटर सरकलेला असतो, आणि एवढे अंतर कागदावर सहज दिसते.