थंडीने मेला की उपाशी?

डार्टफर्ड वॉर्बलर हा दक्षिण इंग्लंडच्या झुडपी माळांवरचा जेमतेम दहा ग्रॅमचा पक्षी. उभारलेली लांब शेपटी, गॉर्स या काटेरी झुडपाच्या जाळीत दडून बसायची सवय. पाहताना आपला वटवट्या आठवावा. १७७३ साली डार्टफर्डजवळ मारलेल्या पक्ष्यांवरून त्याला हे नाव पडलं. मुळात तो स्पेन-फ्रान्सकडचा. इंग्लंड म्हणजे त्याच्या मुलखाची उत्तरेकडची वेस. तरीही हा हट्टी जीव हिवाळ्यात सहसा हलत नाही, किडे-कोळी टिपत तिथंच राहतो.

१९६२च्या नाताळात बर्फ पडला आणि मार्च उजाडेपर्यंत थंडीने पाठ सोडली नाही. मध्य इंग्लंडचं जानेवारीचं सरासरी तापमान उणे २.१ अंशांवर गेलं. आधी साडेचारशेच्या घरात असलेल्या जोड्यांपैकी दहा-अकराच उरल्या.

बाकीच्या कशामुळे गेल्या, थंडीने की उपासमारीने, हा वाद तेव्हा ताजाच होता. १९५४ या एकाच वर्षी ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी पक्ष्यांची संख्या मुख्यतः अन्नामुळे आटोक्यात राहते असं मांडलं, तर ऑस्ट्रेलियात अँड्रेवार्था आणि बर्च या परिसंस्थाशास्त्रज्ञांनी हवामानाला पुढे केलं. मला ही ओढाताण थोडी कृत्रिम वाटते. त्या माळावर उभं राहून पाहा ना. रात्र सोळा तासांची, अंग गरम ठेवायला चरबी जाळायची. उजाडल्यावर खायला मिळणार आठ तास, आणि नेमकं तेव्हाच गॉर्सवर बर्फाचं झाकण. कोळी आतच असतो, चोच पोचत नाही. गरज वाढते आणि ताट आखडतं, दोन्ही एकाच रात्रीत.

हा हिशेब आकड्यांत मांडायचा मोठा प्रयत्न अमेरिकेत परिसंस्थाशास्त्रज्ञ टेरी रूट यांनी १९८८ साली केला. १९०० पासून चालत आलेल्या नाताळातल्या पक्षीगणनेच्या नोंदी त्यांच्या हाताशी होत्या. ईस्टर्न फीबी या पक्ष्याची हिवाळी उत्तर सीमा जानेवारीचं सरासरी किमान तापमान उणे ४ अंश असलेल्या ठिकाणांच्या रेषेला धरून जाते, हे त्यांनी दाखवलं. सीमेवरच्या अनेक पक्ष्यांना विश्रांतीत लागते त्याच्या सुमारे अडीचपट ऊर्जा खर्चावी लागते, असाही निष्कर्ष काढला. अडीचपटीच्या आकड्यावर पुढे बऱ्याच हरकती आल्या, पण प्रश्न विचारायची रीत बदलली ती बदललीच.

इंग्लंडमध्ये सौम्य हिवाळे येत गेले तशा वॉर्बलरच्या जोड्या वाढल्या. २००६च्या गणनेत तीन हजारांवर गेल्या. मग २००९ आणि २०१०चे बर्फाळ हिवाळे आले आणि आकडा पुन्हा घसरला.